वादळं मोजणारी नणंद

माझी नणंद वादळं मोजते असं सांगितलं की ऐकणारी आधी हसते. नणंद आणि वादळ हे दोन शब्द एका दमात ऐकल्यावर बायकांना पुढे वेगळंच काहीतरी ऐकायचं असतं. पण आमच्या ताईंचा खरोखरच तो पेशा आहे. हवामानाच्या एका मोठ्या संस्थेत त्या कित्येक वर्षं नोकरीला आहेत. कॉम्प्युटरमधल्या पृथ्वीवर जी वादळं होतात, ती खऱ्या पृथ्वीवरच्या वादळांसारखी होतात की नाही हे त्या तपासतात.

ताई माझ्या नवऱ्याहून बऱ्याच मोठ्या. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा याचे दप्तर-डबे ताईंनीच पाहिले. लग्न केलं नाही. "राहून गेलं," म्हणतात, जसं एखादं पार्सल आणायचं राहून जावं. शहरात तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. जेवायच्या टेबलावर कागद पसरलेले असतात, म्हणून त्या ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवतात. त्यांना काहीही विचारा, आधी डोळे मिटतात. उत्तर द्यायला इतका वेळ लावतात की फोनवर असलं तर वाटावं, लाईन कटली.

मी ताडपत्र्या शिवते. होड्यांची झाकणं, ट्रकवरच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छपरं. नवरा बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. ताईंच्या कामातलं मला काय कळणार, असं मी धरूनच चालले होते. पण एकदा त्या सुट्टीला आल्या असताना माझ्या मशीनशेजारी बसून त्यांनी नीट समजावून सांगितलं. आमच्या या उत्तरेकडच्या थंड किनाऱ्यावर हिवाळ्यात येतात ती वादळं, म्हणाल्या, उष्ण समुद्रावरच्या चक्रीवादळांपेक्षा वेगळी. थंड हवा आणि उबदार हवा जिथे एकमेकींना भिडतात तिथे ती जन्मतात आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे निघतात. मॉडेल म्हणजे पृथ्वीभर टाकलेली जाळी. जाळीच्या प्रत्येक चौकटीत वाऱ्याचा एकच आकडा. चौकट मोठी असली की वादळातला सगळ्यात जोराच्या वाऱ्याचा अरुंद पट्टा तिच्यात मावून जातो, जोर आजूबाजूला वाटला जातो, आणि कॉम्प्युटरमधलं वादळ नरम पडतं.

"आणि दुसरी खोड रस्त्याची," त्या म्हणाल्या. "खरी वादळं समुद्र ओलांडताना वर उत्तरेला वळतात. मॉडेलमधली शहाण्या मुलांसारखी नाकासमोर चालतात. सरळ पूर्वेला."

"वळून कुठे जातात?" मी विचारलं.

"बरीचशी तुमच्याकडे," ताई म्हणाल्या.

त्याच सुट्टीत घराचा विषय निघाला. खाडीच्या तोंडाशी नवी वसाहत होत होती. बैठी, नीटनेटकी घरं, मागे छोटं अंगण, बंदर चालत जाण्याइतकं जवळ. मला पुढची खोली हवी होती. पाण्याकडे तोंड करून मशीन ठेवायचं आणि दिवसभर उजेडात शिवायचं, असं मी मनात मांडूनच ठेवलं होतं. नवऱ्याने जेवता जेवता विचारलं, "ताई, तुझी मॉडेलं काय म्हणतात? पुढे आमच्याकडे वादळं वाढणार की कमी होणार?"

ताईंनी डोळे मिटले. "बहुतेक मॉडेलं तुमच्या किनाऱ्यावर थोडी कमी दाखवतात. पण तिथे ती आजचीसुद्धा कमीच दाखवतात. होऊन गेलेली वादळंच त्यांना पुरती जमत नाहीत, तर पुढची—"

"म्हणजे कमी."

"मॉडेलांत कमी."

"अगं, तेच म्हणतोय मी. तुझ्या पण-परंतूंना अंत नसतो. सायकल शिकवतानासुद्धा 'चालव, पण पडशील' असं ओरडत मागे धावायचीस!"

आम्ही तिघंही हसलो. ताईसुद्धा हसल्या, आणि पुढचं बोलणं तिथेच राहिलं. मीही ते पुढे काढलं नाही. मला उजेडाची खोली दिसत होती.

बंदराच्या कार्यालयानेही मॉडेलांचा तोच 'कमी'चा आकडा उचलला, हे आम्हाला फार पुढे कळलं. खाडीचं पाणी अडवणाऱ्या भिंतीची उंची ठरवताना त्यांनी ताईंच्या संस्थेकडे विचारणा केली होती. संस्थेने जे पाठवलं त्यात ताईंनी लिहिलेली सावधगिरीची ओळ होती. कोणी लपवली नव्हती, खोडलीही नव्हती. पण भिंत बांधणाऱ्याला उंची लागते, आणि ओळीतून उंची निघत नाही. त्यांनी आकडा घेतला आणि भिंत बांधली. आम्ही घर घेतलं.

पहिले काही हिवाळे सुखाचे गेले. वारा यायचा, खिडक्या थडथडायच्या, भिंतीवरून थोडे तुषार अंगणात पडायचे. मग ते वादळ आलं.

ते अचानक आलं असं म्हणणं खोटं होईल. हवामान खात्याने दोन दिवस आधी सांगितलं होतं, तेही बरोबर सांगितलं. सकाळी शाळेच्या बसमधून आम्हा सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत नेलं. म्हणून आमच्या वसाहतीत कोणी दगावलं नाही. एवढं एक चांगलं झालं, आणि ते मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक रागाच्या भरात सगळ्याच हवामानवाल्यांना एका मापाने मोजायला लागले.

नवरा मात्र वर्कशॉपमध्ये मागे थांबला. दुरुस्तीला आलेली इंजिनं लोकांची, ती उंचावर चढवून येतो म्हणाला. दुपारी भरतीच्या वेळी पाणी भिंतीवरून आलं. आम्ही शाळेच्या व्हरांड्यातून बघत होतो. मोठी लाट वगैरे काही नव्हती. भांडं भरून उतू जावं तसं पाणी भिंतीवरून सावकाश आत उतरत राहिलं, आणि वरून वारा असा की व्हरांड्याचा पत्रा कोणी मुळापासून उपटतंय असं वाटावं. नवरा आला तो दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. वर्कशॉपचं लोखंडी दार वाऱ्याने आपटलं होतं आणि त्याचा उजवा पंजा चौकटीत सापडला होता.

बोटं वाचली, पण दोन वाकेनाशी झाली. इंजिनाच्या कामात सगळा खेळ बोटांचा. आत दिसत नाही तिथे बोटं घालून चाचपावं लागतं.

घरात पाणी विजेच्या बटणांपर्यंत चढलं होतं. ओसरल्यावर गाळ राहिला आणि डिझेलचा वास. माझं मशीन मी दोनदा उघडून पुसलं. तिसऱ्यांदा उघडलं नाही.

ताई दुसऱ्याच दिवशी येऊन आम्हाला आपल्या घरी घेऊन गेल्या. टेबलावरचे कागद कपाटात गेले, जेवायला तीन खुर्च्या आल्या. ताई बसून जेवू लागल्या. त्यांनी आमचं सगळं केलं, अगदी भावाच्या शर्टाची बटणंसुद्धा लावून दिली. पण बहीणभावांत बोलणं असं उरलंच नाही. तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाला काही उत्तर असतं. हा फक्त तिला काही विचारेनासा झाला. टीव्हीवर बातम्यांनंतर हवामान सुरू झालं की तो उठून गॅलरीत जायचा, आणि ताई तोंडातला घास तसाच धरून त्याच्या पाठीकडे बघत बसायच्या.

"तुम्ही तरी बोला ना," मी एकदा म्हणाले.

"काय बोलू? मी सांगितलं होतं, असं म्हणू? की सांगितलं नव्हतं असं म्हणू? दोन्ही खरंच आहे."

अशाच एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "माझ्याबरोबर चल. दिवसभर एकटी बसून राहतेस." नवऱ्याला त्या दिवशी हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात जायचं होतं. मी गेले. मला वाटलं होतं, ढग दाखवणारे मोठे पडदे असतील, फिरती यंत्रं असतील. होतं साधंच ऑफिस. लांबच लांब कॉरिडॉर, दारांवर नावांच्या पट्ट्या, चहाच्या मशीनपाशी "आपला कप आपण धुवावा" अशी चिठ्ठी. ताईंना तिथे सगळे वादळताई म्हणतात.

"आज माझं सादरीकरण आहे," त्या दारात थबकून म्हणाल्या. "विषय तुझ्या आवडीचा नाही. बाहेर बसलीस तरी चालेल."

मी आतच बसले, शेवटच्या रांगेत.

संस्थेने नवीन मॉडेल तयार केलं होतं, खात्याच्या रोजच्या अंदाजाचं नव्हे, पुढच्या कित्येक वर्षांचं हवामान सांगणारं. बारीक जाळीचं. त्याची परीक्षा घ्यायला त्यांनी आमचंच वादळ निवडलं होतं. वादळाच्या दोन दिवस आधीची खरी हवा जुन्या मॉडेलला दिली, नव्यालाही दिली, आणि बघितलं की पुढे काय करतात. ताईंनी आधी जुनं दाखवलं. पडद्यावर समुद्राच्या मधोमध एक भोवरा उठला, थोडा वाढला, मग मवाळ होत होत सरळ पूर्वेला, आमच्यापासून खूप दक्षिणेला गेला. नंतर नवं. तोच भोवरा उठला, घट्ट होत गेला, आणि समुद्राच्या पलीकडच्या टोकाला येता येता वर वळला. गडद लाल पट्टा किनाऱ्याला येऊन भिडला. शेजारी खऱ्या वादळाचं चित्र होतं. दोन्ही जुळी भावंडं वाटावीत इतकी सारखी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणी शिट्टीही मारली. माझ्या शेजारच्या माणसाचे डोळे भरून आले होते. कित्येक वर्षं ते लोक यासाठी खपत होते, हे चेहऱ्यांवरून कळत होतं. आणि मीही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवतात म्हणून हात आपोआप वर आले. दोनचार वाजवून झाल्यावर माझं लक्ष त्या लाल पट्ट्याच्या टोकाकडे गेलं. किनारा जिथे आत वळतो, ती आमची खाडी. हात मांडीवर ठेवले आणि बाकीचा वेळ ते तिथेच घट्ट धरून बसले.

ताईंनी टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाल्या, "एक वादळ जमलं. एका वादळावरून मॉडेल चांगलं ठरत नाही. खरी हवा हाताशी न देता, त्याचं त्याला चालू देऊन मागचे चाळीस हिवाळे तपासायला हवेत. त्याआधी हे कोणाला दाखवू नये असं माझं मत आहे."

संचालक पहिल्या रांगेत होते. चांगला माणूस, हसतमुख. "वादळताई," ते म्हणाले, "आजचा दिवस तरी आनंद मानून घ्या की!" सगळे हसले. ताईंनी कागद गोळा केले.

परतताना बसस्टॉपवर त्या मला म्हणाल्या, "तुला तिथे न्यायला नको होतं."

"छान जमलंय तुमचं," मी म्हणाले. मला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं, आणि तोंडातून हे निघालं.

"पडदा लाल झाला तेव्हा मलाही आनंद झाला," ताई म्हणाल्या. "आधी आनंद झाला. मग तुम्ही आठवलात. हा क्रम मला झोपू देणार नाही."

बस आली. आम्ही वेगवेगळ्या सीटवर बसलो, कारण शेजारी जागा नव्हती. मला ते बरंच वाटलं.

काही महिन्यांनी आमच्या गावी जाहीर सभा ठेवली. वसाहत तिथेच पुन्हा उभी करायची की नाही, भिंत वाढवायची की नाही, याचं भिजत घोंगडं पडलं होतं. संस्थेतर्फे ताई आल्या. त्यांचे चाळीस हिवाळे तपासून झाले होते. शाळेच्या सभागृहात, आम्ही ज्या व्हरांड्यातून पाणी बघितलं त्याच्या आतल्या बाजूला, माणसं दाटीवाटीने बसली होती. आम्ही दोघं मागे, दाराजवळ.

ताईंनी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. नव्या मॉडेलमध्ये मोठी वादळं आता खऱ्याइतकी जोराची होतात. रस्ता सुधारलाय, पण पुरता नाही. अजूनही काही वादळं सरळच जातात, म्हणून या किनाऱ्यावर अजूनही थोडी कमी दिसतात. पुढे संख्या वाढेल की घटेल यावर मॉडेलांचं एकमत नाही. जी येतील ती जास्त पाऊस आणतील आणि समुद्राची पातळी तोवर वर चढलेली असेल, यावर मात्र जवळजवळ एकमत आहे.

पुढच्या रांगेत मासळीवाली बसली होती. बाजारात तिच्याशी घासाघीस करायची कोणाची छाती होत नाही. ती उठली. "बाई, तुमचं निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. आम्ही तिथे राहायचं की नाही? एक काय ते सांगा. हातचं राखून बोलू नका."

लोकांनी "बरोबर!" म्हणून गलका केला. ताईंनी डोळे मिटले. इतका वेळ मिटले की अध्यक्ष माईककडे हात करू लागले.

"मी असते तर तिथे घर बांधलं नसतं," ताई म्हणाल्या. "हे मॉडेल सांगत नाही. हे मी सांगतेय."

आणि माझा नवरा उठून उभा राहिला. मी त्याची बाही धरली, पण ती त्याच्या दुखऱ्या हाताची होती, म्हणून लगेच सोडली.

"मग हे तू तेव्हा का नाही म्हणालीस?" तो म्हणाला. मोठ्याने नाही. पण सभागृह गप्प झालं होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. ही याची सख्खी बहीण हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तुला ते घर फार हवं होतं," ताई म्हणाल्या. "आणि मला खात्री नव्हती."

"आता आहे खात्री?"

"नाही," ताई म्हणाल्या. "आताही नाही."

तो बाहेर निघून गेला. सभेत पुन्हा गलका सुरू झाला. कोणी म्हणालं, ज्यांना स्वतःलाच खात्री नाही त्यांना बोलावता कशाला. कोणी म्हणालं, निदान तोंडावर खरं तरी बोलल्या. ताई माईकसमोर उभ्या राहून शेवटपर्यंत एकेकाच्या प्रश्नाला उत्तर देत होत्या, आणि त्यातली बहुतेक उत्तरं लोकांना नको होती.

शेवटी मतं पडली ती भिंत वाढवून तिथेच राहण्याच्या बाजूने. निम्म्याहून जास्त घरं परत गेली. मासळीवालीही गेली. "मला बाजार जवळ हवा," एवढंच म्हणाली. आम्ही नाही गेलो. टेकडीवर शाळेमागे दोन खोल्या मिळाल्या. खिडकी शाळेच्या भिंतीकडे उघडते, दुपारी दिवा लावून शिवावं लागतं. नवऱ्याने डाव्या हाताने काम शिकून घेतलं, पण आतली कामं आता दुसरे करतात आणि हा सुटे भाग घासून-पुसून, मापात बसवून देतो. कामात मन लागतं असं म्हणतो. मी खोदून विचारत नाही.

नव्या मॉडेलच्या गटाचं प्रमुखपद ताईंना मिळेल असं सगळे धरून चालले होते. ते दुसऱ्याला मिळालं. सभेत स्वतःचं मत संस्थेच्या नावावर खपवलं, अशी तक्रार गेली होती म्हणतात. ताईंनी कधी तो विषय काढला नाही. वादळं मोजायचं काम चालूच आहे. कुठून काही विचारणा आली की त्या आता आकडा पाठवण्याआधी फोन करतात आणि समोरच्याला विचारतात, तुम्ही याचं करणार काय? संस्थेत काहींना ते रुचत नाही.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्या आमच्याकडे आल्या होत्या. बाहेर वारा सुटला होता. नवरा आतल्या खोलीत कानस घेऊन काहीतरी घासत बसला होता. बहिणीला "आलीस?" म्हणाला होता, चहा घेतला होता, आणि आत गेला होता. एवढं आता होतं.

मी विचारलं, "ताई, यंदा कसं आहे हो?"

"यंदाचं मला कळत नाही गं. ते खात्याला विचार. मला चाळीस हिवाळ्यांचं विचार."

"मग ते सांगा."

आणि त्या सांगायला लागल्या. नवं मॉडेल आणखी बारीक केलंय, समुद्राचं तापमान आता नीट धरलंय, त्यामुळे वळण थोडं सुधारलं, पण डोंगराजवळ एक नवीच चूक निघालीय. मी शिवण थांबवून ऐकत होते. मग माझ्या लक्षात आलं, आतला कानशीचा आवाजही थांबलाय. ताईंच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या जरा मोठ्याने बोलू लागल्या, आणि जिथे नेहमी अडखळतात तिथे अडखळल्या नाहीत.

तो बाहेर आला नाही. ताई गेल्यावर मात्र दारात येऊन उभा राहिला. "काय म्हणत होती?"

"ऐकलंस की सगळं."

"ऐकलं. कळलं नाही."

मग मी त्याला मला कळलं तेवढं सांगितलं. आधीपेक्षा बरं जमतंय, अजून पुरतं जमत नाही, आणि पुरतं जमेपर्यंत थांबायला किनाऱ्यावरच्यांना वेळ नाही. तो बोटं चोळत उभा राहिला.

"पुढच्या वेळी तिला मुक्कामाला थांबव," म्हणाला आणि आत गेला.